गातच गेला असेल

"तो गात नव्हता."

बायकांच्या वॉर्डात खिडकीकडून तिसऱ्या खाटेवरून हे शब्द आले तेव्हा माकेरेताची साक्ष नुकतीच संपली होती आणि चर्चमधून बरोबर आलेल्या पाचजणींनी शेवटच्या गीताचा सूर धरला होता. आवाज मोठा नव्हता. कुणी पाणी मागावं तसा होता. पाचजणींतल्या एकीलाही तो ऐकू गेला नाही. त्या गात राहिल्या, लिटिया तर नेहमीसारखी डोळे मिटून, पायाच्या बोटांनी ताल धरून. माकेरेताने मात्र वळून पाहिलं. खाटेवर साठी उलटलेली एक सुकलेली भारतीय बाई होती. डाव्या गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती. ती माकेरेताकडे बघतच नव्हती, छताच्या पंख्याकडे बघत होती, आणि पंख्यालाच सांगावं तसं ती अस्खलित फिजियनमध्ये पुन्हा म्हणाली, "इनोसी ना? इंजिनवाला. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. तो गात नव्हता, बाई."

माकेरेता गाण्यात सामील झाली. झाली म्हणजे तिने तोंड उघडलं. पहिल्या कडव्याची दुसरी ओळ, मग तिसरी. ओठ हलत होते आणि गळ्यातून काहीच येत नव्हतं. लिटियाने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, कारण खालचा सूर माकेरेताचा असायचा आणि तो नसला की गाण्याला बूड राहत नसे. गीत संपलं. नर्सने घड्याळाकडे बोट दाखवलं. सहाजणी आपली पांढरी वस्त्रं सावरत, प्रत्येक खाटेपाशी थांबून हात हातात घेत दाराकडे निघाल्या. तिसऱ्या खाटेपाशी माकेरेता थांबली नाही. पुढे चौथीपाशी थांबली, तिथल्या बाईचा ताप असलेला हात धरून "प्रभू तुझ्याजवळ आहे" म्हणाली, आणि हे वाक्य आपण नाही, आपल्या मागे उभी असलेली दुसरीच कुणी बोलली असं तिला वाटलं.

सुवाच्या चढउतारांवरून बस हेलकावे खात घराकडे, राइवागाकडे निघाली. पावसासाठी खिडक्यांची ताडपत्री खाली सोडलेली होती. आत ओल्या कपड्यांचा आणि माणसांचा वास. नख नव्हतं. लग्नाच्याही आधी धक्क्यावर साखळीत चिरडून ते गेलं होतं आणि त्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडं आलं होतं. झोपताना इनोसीला तिच्या कानाच्या पाळीवर तो अंगठा फिरवायची सवय होती. ही गोष्ट तिने कुठल्याच साक्षीत सांगितली नव्हती. साक्षीत जे सांगायचं ते ठरलेलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, पूर्वेच्या बेटांकडे निघालेली मालाची बोट नाइराई बेटाच्या पुढे भर दुपारी उलटली. चौदा जण होते, चार वाचले. इनोसी वाचला नाही. पण तो घाबरला नाही. पाणी गळ्यापर्यंत आलं तरी तो गात होता, आणि गात गात तो प्रभूकडे गेला. मी दोन महिने दाराला कडी लावून बसले होते, आणि त्या गाण्याने मला दार उघडायला लावलं. मग थोडं थांबायचं. मग विचारायचं, की बहिणी, तुझं पाणी कुठपर्यंत आलंय? इथे माणसं रडत. इथेच रडत, नेहमी. अठरा वर्षांत माकेरेताने ही साक्ष तुरुंगात दिली होती, साखर कारखान्यांच्या गावांत दिली होती, पुरात वाहून गेलेल्या वस्तीत गुडघाभर चिखलात उभं राहून दिली होती. शिवणकारखान्यात दिवसभर शर्टांना कॉलर लावून झाल्या की सुजलेल्या पायांनी ती दर मंगळवारी हॉस्पिटलचा चढ चढे. पायांचं काय, ते दुखायचेच. सुवार्ता पायांना विचारून निघत नाही, असं ती नव्या मुलींना सांगायची, आणि त्या हसायच्या.

"घसा बसलाय तुझा," शेजारी बसलेली लिटिया म्हणाली. "मी घरी गेल्यावर लिंबाच्या पानांचा चहा पाठवते. रविवारी नरडं उघडलं नाही ना, तर चर्चचे पाळक मला उभं करतील साक्षीला, आणि माझी साक्ष काय, तर नवऱ्याने कावा प्यायचा सोडला आणि आठ दिवसांनी पुन्हा धरला."

मागच्या बाकावरच्या तिघी खिदळल्या. माकेरेताही हसली. ताडपत्रीच्या फटीतून पाणी तिच्या मांडीवर ठिबकत होतं आणि सरकायला जागा नव्हती.

गात होता हे कुणी सांगितलं होतं? हा प्रश्न तिला नवा नव्हता. तो घरात दडून राहिलेल्या पालीसारखा होता. आहे हे माहीत असतं, कपाट हलवायचं नसतं. प्रेत मिळालंच नाही. रिकाम्या चटईवर इनोसीचे कपडे ठेवून स्मरणाची उपासना झाली, तेव्हाचे म्हातारे पाळक, आता तेही नाहीत, त्या चटईकडे बघत म्हणाले होते, इनोसी गाणारा माणूस, तो गातच गेला असेल. असेल, म्हणाले होते. तिने ते ‘असेल’ जपून घरी आणलं आणि वर्षभर त्याच्यासकट ते वाक्य वापरलं. मग एकदा, दुसऱ्या वर्षी, बायकांच्या मेळाव्यात, दुपारच्या जेवणानंतर, सगळ्या पेंगुळलेल्या असताना तिच्या वाक्यातून ते ‘असेल’ गळालं. गातच गेला. पेंगणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. पहिल्या रांगेतल्या एकीने तोंडावर हात ठेवला. माकेरेताला तो क्षण अजून कातडीवर आठवत होता. अंगावरून गार वारा गेल्यासारखं झालं होतं, चोरी केल्यासारखं आणि बक्षीस मिळाल्यासारखंही. त्या दिवशी सातजणींनी आयुष्य प्रभूला दिलं. मग ते ‘असेल’ परत कसं घालायचं? सातजणींना काय सांगायचं? त्याच आठवड्यात नऊ वर्षांचा वेरेनिकी शाळेतून आला आणि दप्तर न काढता त्याने विचारलं, "आई, बाबा कुठलं गीत गात होता?" ती कसावा सोलत होती. सुरी न थांबवता तिने एका गीताचं नाव सांगितलं. इतकं सहज, की आपण ते आठवून सांगितलं की रचून, हे तिचं तिलाच कळलं नाही. आज वेरेनिकी सव्वीस वर्षांचा होता, बापासारखाच इंजिनवर, उत्तरेच्या बेटांना जाणाऱ्या फेरीबोटीवर. खवळलेल्या समुद्रात तो तेच गीत म्हणतो, असं त्याच्या बोटीवरचे लोक कौतुकाने सांगत.

येत्या रविवारी तीन जण निघणार होते. लिटियाची थोरली सालोते आणि दोन तरुण, वर्षभरासाठी, पूर्वेच्या लहान बेटांवर सुवार्ता घेऊन. बेटांवर ना धड धक्का, ना दवाखाना. महिन्यातून एकदा बोट आली तर आली. तिघांना निरोप द्यायला शेजारच्या दोन चर्चच्या मंडळ्या येणार होत्या. पाळक रुपेनी बुधवारी संध्याकाळी स्वतः घरी आले, दाराबाहेर वहाणा काढून चटईवर मांडी घालून बसले. तरुण माणूस, मनाने निर्मळ, घाम पुसायला कायम हातात टॉवेल.

"माकेरेताबाई, दुसरं कुणी नको," ते म्हणाले. "पोरं घाबरलीत. बोलत नाहीत, पण सालोतेने चार दिवस नीट जेवण केलेलं नाही. तुमची साक्ष ऐकून बोटीत बसतील. मी स्वतः कशी घेतली ही सेवा, सांगितलंय ना तुम्हाला? शाळेत होतो. तुम्ही आला होतात."

"सांगितलंय."

"मग झालं तर."

ते प्रार्थना करून गेले. माकेरेता त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिली. हा माणूससुद्धा त्या वाक्यावर उभा होता. किती जण उभे होते! आपण गच्च भरलेल्या खोलीत सापडलोय असं तिला वाटलं. दार आहे, पण दारापर्यंत जायला कुणाच्या तरी अंगावर पाय द्यावा लागणार. तिने उठून खिडकी उघडायला हात नेला. ती उघडीच होती.

गुरुवारी कारखाना सुटल्यावर ती घरी जायला निघाली आणि पाय हॉस्पिटलकडे वळले. वाटेत दोनदा थांबली. एकदा बाजाराशी, दालोच्या कंदांच्या ढिगापुढे, विक्रेतीने तीनदा विचारलं तरी काय हवं ते सांगता येईना. दुसऱ्यांदा चढावर, भिंतीला हात टेकून. बाई खोटं बोलत असेल. साखरेच्या रोगात माणसं बरळतात. पाय कापल्यावर तर बरळतातच. पण नख? वॉर्डात गटाशिवाय, पांढऱ्या वस्त्राशिवाय ती पहिल्यांदाच शिरत होती आणि खाटांवरच्या बायका आज तिच्याकडे नुसत्या बघत होत्या, कुणाची कोण आलीय म्हणून. खाटेच्या पायथ्याशी पाटीवर नाव होतं, सुखदेई.

"बस," सुखदेई म्हणाली. "तू येशील असं वाटलं होतं. मंगळवारी बोलायला नको होतं मी. तोंडातून गेलं."

"तुम्ही त्या बोटीवर होतात?"

"दर महिन्याला असायची. कापडाचे गठ्ठे घेऊन बेटांवर विकायची. नवरा गेला होता, काय करणार? तुझा नवरा मला इंजिनाच्या खोलीजवळ बसायला जागा द्यायचा. तिथे पाऊस लागत नसे. वास यायचा, पण पाऊस नाही." ती थांबली. "जरा तो पाय खाजव ना."

माकेरेताने उजव्या पायाकडे हात नेला.

"तो नाही. गेलाय तो. तोच खाजतो मेला."

माकेरेताने सपाट चादरीवर, जिथे पाऊल असायला हवं होतं तिथे, बोटं ठेवली. कापड, खाली गादी. ती हळूहळू खाजवू लागली. सुखदेईने डोळे मिटले आणि बोलू लागली. बोट कलली ती एका बाजूने, टेबलावरून ताट घसरावं तशी. पाण्यात आल्यावर तिला एक निळं पिंप दिसलं, रिकामं, झाकण घट्ट असलेलं, तिने ते धरलं. मग इनोसी आला. त्याने ते तिच्या हातून ओढलं. ती सोडेना. त्याने लाथ मारली, इथे, छातीत. ती खाली गेली, पाणी प्यायली, वर आली. आजूबाजूला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ती परत पिंपाकडेच गेली. तो दोन्ही हातांनी पिंपाला मिठी मारून होता आणि ओरडत होता. शब्द नव्हते. बैल ओरडतो तसं.

माकेरेताची बोटं चादरीवर थांबली होती.

"त्याने... तुम्हाला लाथ मारली?"

"तू नसती मारली? मी मारली असती. माझ्यात जोर कमी होता, एवढंच." सुखदेईने डोळे उघडले नाहीत. "मग किती वेळ गेला कोण जाणे. ओरडणं थांबलं त्याचं. माझ्याकडे बघितलं. ओळखलं मला. म्हणाला, ये, ह्या बाजूने धर, दोघांना पेलेल. पेललं. मग म्हणाला, मला भीती वाटतेय, काहीतरी बोल. मी म्हटलं, काय बोलू? म्हणाला, काही पण बोल. मी काय बोलणार बाई, मला कापडाशिवाय काय येतं? मी त्याला कापड सांगत बसले. कुठल्या बेटावर कुठला रंग खपतो, कुठला सुताडा धुतल्यावर आखडतो, कुठलं गिऱ्हाईक घेतं दोन वार आणि घरी जाऊन म्हणतं कमी भरलं. तो म्हणायचा, मग? मी सांगायची. दुपार गेली सगळी. ऊन उतरलं. तो आपला, मग?"

वॉर्डात पलीकडे कुणीतरी भांडं पाडलं. सुखदेईचा आवाज एकदम लहान झाला.

"माझा डोळा लागला गं. किती लागला असेल, एवढासा. उघडला तेव्हा पिंपावर मी एकटी होते."

 माकेरेताने विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही. सुखदेई म्हणाली, कोळ्यांनी मला काढलं, मग भाऊ उत्तरेला, लंबासाला घेऊन गेला, कुणी विचारलं नाही. आणि काय सांगू? एक बाई बोलता बोलता झोपली म्हणून माणूस गेला, हे सांगू?  माकेरेताला आधी राग आला, त्या लाथेचा, की त्या लाथेची गोष्ट इतक्या शांतपणे सांगणाऱ्या ह्या बाईचा, तिला कळेना. मग तिच्यासमोर पिंपाला मिठी मारून ओरडणारा इनोसी आला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला चेहरा होता. गाणाऱ्या इनोसीला चेहरा नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तो पाठमोराच असायचा, सोनेरी पाण्यात, रविवारच्या शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांतल्या माणसांसारखा. ह्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. हा तिचा होता.

"तुम्ही झोपला नसतात तरी तो गेला असता," ती म्हणाली. "थकला होता तो. आदल्या रात्रभर इंजिनवर होता. मी ओळखते त्याला."

सुखदेई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चादरीबाहेर हात काढला आणि माकेरेताने तो धरला. हजारो हात धरले होते तिने ह्या वॉर्डात. सवयीने तिने मान खाली घातली, आणि थबकली. ह्या बाईचे देव वेगळे होते, उशाखाली हनुमानाचं चित्र होतं.

"कर तुझी प्रार्थना," सुखदेई म्हणाली. "मला चालते. पण खरं घालून कर."

 भेटीची वेळ संपेपर्यंत माकेरेता नुसता हात धरून बसली.

शुक्रवार, शनिवार तिने कॉलर लावल्या, लिटियाने पाठवलेला चहा प्यायली, घशात औषध म्हणून मध घेतला. घशाला काही झालेलं नव्हतं. सांगायचं नाही, हे एकदा ठरलं की जेवण घशाखाली उतरायचं. सांगायचं, असं ठरलं की डोळ्यांपुढे सालोतेचा चेहरा यायचा, पाळकांचा टॉवेल, चिखलात उभ्या असलेल्या त्या वस्तीतल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे, बोटीच्या पोटात, काळोखात, कानांत गोंगाटाचे बोळे घातल्यासारखा उभा असलेला वेरेनिकी. त्याच्यापाशी विचार अडायचा. त्याला काय सांगू? ज्या गाण्याच्या आधारावर पोर समुद्रात उतरला ते मी कसावा सोलताना केलं? ती बायबल उघडायची, ओळी डोळ्यांखालून जायच्या आणि प्रत्येक ओळीत एक ‘असेल’ सुटल्यासारखं तिला दिसायचं. कुणाला विचारावं असं माणूसही उरलं नव्हतं. ज्यांना विचारावं ते सगळे तिच्याकडेच विचारायला येत.

रविवारी सभागृह शिगोशीग भरलं. तिघे पुढे बसले होते, गळ्यात फुलांच्या माळा, सालोतेच्या ओठांवर घामाचे थेंब. बायकांच्या हातातले विणलेले पंखे एका लयीत हलत होते. पाळकांनी नाव पुकारलं. माकेरेता उभी राहिली आणि सुरुवात तोंडपाठ असलेलीच झाली. अठरा वर्षांपूर्वी. नाइराईच्या पुढे. भर दुपारी. पाणी गळ्यापर्यंत आलं, आणि...

इथे ती थांबली. ही थांबायची जागा नव्हती. पहिल्या रांगेतली माणसं उत्सुकतेने पुढे झुकली.

"माझा नवरा गात नव्हता," ती म्हणाली. "गात होता असं मला कुणी सांगितलं नव्हतं. गात गेला असेल, एवढंच म्हटलं होतं. बाकीचं मी केलं. बोट उलटली तेव्हा तो घाबरला. एका बाईच्या हातून त्याने पिंप ओढून घेतलं आणि तिला लाथ मारली."

पंखे थांबले. कुठेतरी एक मूल रडू लागलं आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. माकेरेता सांगत राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. गोष्ट वेडीवाकडी बाहेर येत होती, मधलं आधी, आधीचं नंतर. नाव न घेता तिने त्या बाईबद्दल सांगितलं, कापडाचं सांगितलं, आणि माणसांचे चेहरे हळूहळू बंद होताना पाहिले, दुकानं बंद होतात तसे. एक म्हातारा मात्र पुढे झुकून कानामागे हात धरून ऐकत होता. शेवटी ती सालोतेकडे वळली. "तुम्हाला भीती वाटेल. वाटली तर गाऊ नका. शेजारच्याला सांगा. ज्याने लाथ मारली त्यालाही एक बाई दुपारभर बोलून सोबत करते, हे मला गुरुवारी कळलं. ह्याला सुवार्ता म्हणायचं का, मला ठाऊक नाही. पण माझ्याकडे आहे ती एवढीच."

ती बसली. पाळक रुपेनी उभे राहिले, टॉवेलने तोंड पुसलं, काही बोलायला गेले आणि नुसता गीताचा क्रमांक सांगितला. लोक गायले. खालचा सूर नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर लिटियाने तिला गाठलं. इतर बायका दोन हातांवरून जात होत्या. "अठरा वर्षं गप्प बसलीस," लिटिया दात आवळून म्हणाली, "आणि माझ्या पोरीला बोटीत बसवायच्या दिवशी तुला खरं आठवलं?"

"लिटिया..."

"नको. मला हात लावू नकोस. मी माझ्या आईच्या मरणावेळी काय गायले होते, आठवतं? तू शिकवलेलं. आता ते काय करू मी?"

 सालोते आईच्या मागे उभी होती, माळ हातात काढून घेतलेली. ती निघणार की नाही ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. (ती पंधरा दिवसांनी निघाली, पण तिघांसाठी लाइफ जॅकेटं मंडळीने आधी आणावीत असं तिने पाळकांना तोंडावर सांगितलं, आणि ती आणल्याशिवाय बॅग भरली नाही.) सोमवारी पाळकांनी निरोप धाडला. निरोप मऊ होता. माकेरेताबाईंनी थोडे दिवस विश्रांती घ्यावी, घसा बरा होईपर्यंत. मंगळवारच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

तरी मंगळवारी ती गेली. नुसती भेटायला आलेली बाई म्हणून, रोजच्या कपड्यांत. वॉर्डात पाचजणी गात होत्या. त्यांनी तिला पाहिलं आणि गाणं क्षणभर डगमगलं, मग सावरलं. लिटियाने डोळे मिटून घेतले. माकेरेता सुखदेईच्या खाटेपाशी स्टुलावर बसली. गट तिसरी खाट टाळून चौथीकडे सरकला. गाणं तिच्या पाठीमागून गेलं, इतकं जवळून की पांढऱ्या वस्त्रांच्या इस्त्रीचा वास आला. इतकी वर्षं ह्या गाण्याच्या आत असताना ते बाहेरून कसं ऐकू येतं ते तिला माहीत नव्हतं. गोड होतं. त्यात शिरायची वाट मात्र कुठे दिसत नव्हती.  सुखदेईने भाचीने आणलेल्या पोळीचा अर्धा तुकडा माकेरेताच्या हातात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. वेरेनिकी.

ती व्हरांड्यात आली. खाली रस्त्यावर टॅक्स्यांचे हॉर्न, वर पत्र्यावर पाऊस. रविवारचं सगळं कुणीतरी फोनवर टिपून त्याच्यापर्यंत पोचवलं असणार, हे तिला तो बोलायच्या आधीच कळलं. त्याच्यामागे इंजिनाचा आवाज नव्हता. बोट धक्क्याला असावी.

"बघितलं मी," तो म्हणाला.

"निकी, मी तुला आधी..."

"सगळ्या बोटीने बघितलं. कॅप्टनने पण."

ती कठड्याला धरून उभी राहिली. आत गीताचं शेवटचं कडवं चाललं होतं.

"आई, मला भीती वाटते," तो म्हणाला. "सात वर्षं वाटतेय. खाली उतरायच्या शिडीवर पाय ठेवला की पोटात गोळा येतो. पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. बाबा बुडताना गात होता आणि मला शिडी उतरवत नाही. ते गीत मी म्हणतो ना, ते दात वाजू नयेत म्हणून म्हणतो. लोकांना वाटतं..."

माकेरेताच्या जिभेवर एक वचन आलं. भीतीचं वचन, सगळ्यांना माहीत असलेलं, हजार वेळा दिलेलं. तिने ते गिळलं.

"ऐकतेय," ती म्हणाली.

आणि पलीकडे तिचा सव्वीस वर्षांचा मुलगा रडू लागला. बापाच्या स्मरणाच्या दिवशी तो रडला नव्हता. रिकाम्या चटईपाशी ताठ बसून होता, कारण गातच गेला असेल त्या माणसासाठी रडायचं नसतं असं त्याला कुणीतरी तिथेच सांगितलं होतं. कुणी, ते माकेरेताला ठाऊक होतं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्सने दार लावून घेतलं. पाचजणी तिच्या बाजूने जिना उतरून गेल्या. ती फोन कानाला घट्ट धरून तिथेच उभी राहिली, आणि तो रडत होता तोवर तिने त्याला गप्प हो म्हटलं नाही.